आधी ध्येय, मग काम? एका रूढ मताची उलटतपासणी

नवे वर्ष उजाडले, बारावीचे निकाल लागले किंवा स्पर्धा परीक्षांत यश मिळवलेल्यांचे सत्कार सुरू झाले, की आपल्याकडे एक उपदेश हमखास ऐकू येतो. आधी ध्येय ठरवा. ते नेमके हवे, आकड्यात मोजता येईल असे हवे, तारखेत बांधलेले हवे. कागदावर लिहा, रोज डोळ्यांसमोर येईल अशा जागी चिकटवा, चार लोकांना सांगून टाका म्हणजे माघार घेता येणार नाही. आणि एकदा ठरले की ठरले. दुसरा पर्याय मनात आणाल तर पहिलाही हातचा जाईल. व्याख्यानमालेतले वक्ते हे सांगतात, कंपनीत येणारे प्रशिक्षक हेच सांगतात, आणि घरी आलेले काकाही चहाचा कप खाली ठेवता ठेवता हेच सांगतात. इतक्या तोंडांनी सांगितलेली गोष्ट खरीच असणार, असे कोणालाही वाटेल.

ती खरी नाही. निदान ज्या ठिकाणी ती सर्वांत मोठ्या आवाजात सांगितली जाते, तिथे तरी नाही. माणसाच्या आयुष्याला अर्थ देणारी ध्येये अशा रीतीने ठरत नाहीत आणि अशा रीतीने साधतही नाहीत, हे मला सिद्ध करायचे आहे. निवाडा वाचकांनी करावा.

प्रतिपक्षाला दुबळे करून मांडायचे आणि मग हरवायचे, यात पुरुषार्थ नाही. म्हणून पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. त्याच्या पाठीशी खरेखुरे संशोधन आहे. एडविन लॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली एक सिद्धान्त मांडला आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासह १९९०च्या ग्रंथात तो सविस्तर उभा केला. सांगणे साधे आहे : ‘होईल तेवढे करा’ असे म्हणण्यापेक्षा नेमके आणि अवघड लक्ष्य दिले, तर माणसे जास्त काम करतात. १९७५ साली प्रसिद्ध झालेला लॅथम यांचा एक प्रयोग तर लक्षात राहण्यासारखा आहे. ओक्लाहोमात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायद्याने जितके वजन भरता येई, त्याच्या साधारण ६० टक्केच माल भरत. ‘होईल तेवढे भरा’ या सांगण्याने काही हलले नाही. मग त्यांना ९४ टक्क्यांचे लक्ष्य दिले. अधेमधे चढउतार झाले, पण काही महिन्यांत भरणा ९० टक्क्यांच्या पुढे गेला. जास्तीचा पैसा दिला नव्हता. दिला होता तो फक्त एक आकडा.

पूर्वपक्षाला आपल्या मातीतलेही साक्षीदार मिळतात. डॉक्टर व्हायचे हे एकच ध्येय धरून आनंदीबाई जोशी समुद्रापलीकडे गेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून पदवी घेऊन मोकळ्या झाल्या. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी भागभांडवलाची कंपनी काढली, माणसे नेमली, वर्गणीदार गोळा केले आणि तेवीस खंड पुरे करून दाखवले. ध्येय नेमके नसते, मुदतीचा धाक नसता, तर हे झाले असते का? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर द्यायलाच हवे.

पण त्याआधी या मताचा सर्वांत लाडका पुरावा बाद करू. ध्येये कागदावर लिहिण्याचे महत्त्व सांगताना एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. १९५३ साली येल विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फक्त तीन टक्क्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती म्हणे. वीस वर्षांनी पाहिले तर त्या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त निघाली. कधी येलच्या जागी हार्वर्ड येते, कधी साल बदलते. तीन टक्के मात्र हलत नाहीत. १९९६ साली ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकन मासिकाने या अभ्यासाचा माग काढला. ज्या नामवंत वक्त्यांनी ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली होती, त्यांना मूळ विचारले, तर त्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. येलमध्ये विचारले, तर असा अभ्यास झाल्याची नोंदच नाही. जो अभ्यास कधी झालाच नाही, त्याच्या आधारावर आपण मुलांना वह्या भरायला लावत आलो.

यावर कोणी म्हणेल, एक साक्षीदार खोटा निघाला म्हणून खटला खोटा ठरत नाही. मान्य. मग दुसरा साक्षीदार बोलावू. ध्येय ‘स्मार्ट’ असावे, हे पाच निकषांचे सूत्र आज शाळेतल्या शिक्षकांपासून बँकेतल्या व्यवस्थापकांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. ते आले जॉर्ज डोरन यांच्या १९८१च्या एका छोट्या लेखातून. लेख छापला गेला व्यवस्थापनाच्या नियतकालिकात, आणि लिहिला होता तो आपल्या विभागाची उद्दिष्टे कशी लिहावीत हे न सुचणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. त्यातल्या एका निकषाचा अर्थ होता : हे काम कोणावर सोपवायचे ते स्पष्ट हवे. कचेरीत हे योग्यच आहे. पण माझ्या आयुष्याचे ध्येय मी कोणावर सोपवू? पुढे हे सूत्र व्यक्तिगत आयुष्याला लावताना तो निकष गुपचूप बदलला गेला. आणखी एक गोष्ट सांगायची राहते. प्रत्येक उद्दिष्टात पाचही निकष असलेच पाहिजेत असे नाही, काही ठिकाणी आकड्यांत मोजण्याचा हट्ट वास्तवाला धरून होत नाही, हे खुद्द डोरन यांनीच त्या लेखात नोंदवले होते. म्हणजे मूळ लेखकाने घातलेली मर्यादा शिष्यांनी वाचली नाही. शिष्यांचे हे जुनेच दुखणे आहे.

आता ट्रककडे वळू. तो प्रयोग मी नाकारत नाही. तो कशाचा प्रयोग आहे एवढेच विचारतो. ट्रकमध्ये ओंडके कसे भरायचे हे त्या चालकांना आधीच येत होते. वजन काट्यावर कळत होते. मर्यादा कायद्याने ठरवलेली होती. काम ठाऊक, मोजमाप ठाऊक, फक्त जोर कमी पडत होता. आकड्याने तो जोर आणला. आयुष्यातल्या महत्त्वाच्या ध्येयांचे असे असते का? ‘चांगली शिक्षिका व्हायचे आहे’, ‘गावात राहून काहीतरी उभे करायचे आहे’, ‘लिहायचे आहे’ यांतल्या कोणत्या ध्येयाचा काटा बाजारात मिळतो? इथे माणसाला मुळात कामच यायचे असते. आणि काम शिकत असताना आकड्याचे लक्ष्य काय करते, हेही प्रयोगाने पाहिलेले आहे. रूथ कॅन्फर आणि फिलिप अॅकरमन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन हवाई दलातल्या शिकाऊंना विमान वाहतूक नियंत्रणासारखे एक गुंतागुंतीचे काम दिले. शिकण्याच्या अगदी सुरुवातीलाच आकड्याचे लक्ष्य दिले, तेव्हा त्यांची कामगिरी घसरली. काम थोडे अंगवळणी पडल्यावर दिले, तेव्हा लक्ष्याचा तोटा उरला नाही. कारण उघड आहे. नवशिक्याचे लक्ष आधीच पुरे पडत नसते. त्यातला एक हिस्सा ‘मी आकड्यापासून किती दूर आहे’ या काळजीने खाल्ला की कामासाठी काय उरणार? याची नोंद लॉक आणि लॅथम यांनीही घेतली आहे. अवघड आणि अनोळखी कामात निकालाचे लक्ष्य ठेवण्यापेक्षा शिकण्याचे लक्ष्य ठेवावे, असे तेही सांगतात. सिद्धान्ताचे जनक जे सांगतात, ते व्यासपीठावर पोहोचताना अर्धे गळून जाते.

म्हणजे आकडा आणि तारीख ही हत्यारे ठाऊक असलेल्या कामाची आहेत. आता मुख्य मुद्दा. मोठे ध्येय कामाच्या आधी ठरते, की कामातून घडते? इथे तर्क बाजूला ठेवून माणसेच पाहू.

पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ साली ‘व्यवहारमयूख’ या जुन्या ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करणारा हा माणूस उरलेल्या वेळात संस्कृत ग्रंथ संपादित करत असे. त्या आवृत्तीला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा इतिहास थोडक्यात लिहावा, एवढेच त्यांच्या मनात होते. प्रस्तावना! काम हाती घेतल्यावर लक्षात आले की विषय प्रस्तावनेत मावणारा नाही. १९३० साली भांडारकर संस्थेने ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. दुसरा आला १९४१मध्ये, तिसरा १९४६मध्ये, चौथा १९५३मध्ये, आणि पाचव्याचा अखेरचा भाग १९६२मध्ये, काणे ऐंशी ओलांडून गेल्यावर. सगळी मिळून साडेसहा हजारांवर पाने. पुढच्याच वर्षी भारतरत्न.

आता पूर्वपक्षाने सांगावे, १९२६ साली काण्यांचे ध्येय काय होते? आकड्यात सांगता येईल असे जे काही होते, ती एक प्रस्तावना होती. त्या दिवशी कोणी त्यांच्यापुढे कागद सरकवून ‘पाच खंड, अंतिम तारीख १९६२’ असे लिहायला सांगितले असते, तर त्यांनी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवले असते. ध्येय होते, पण ते हातातल्या पोथीने पानापानाने मोठे केले. विषयात उतरल्याशिवाय विषयाची खोली कळत नाही, आणि खोली कळल्याशिवाय ध्येयाचा आकार ठरत नाही. उतरण्यापूर्वीच आकार ठरवायला सांगणे म्हणजे अज्ञानाला मुदतीच्या चौकटीत बसवणे आहे.

एक उदाहरण अपवाद असू शकते, म्हणून दुसरे. धोंडो केशव कर्वे या प्राध्यापकांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला आणि विधवाविवाहाच्या प्रसारासाठी मंडळी स्थापन केली. तेव्हाचे ध्येय पुनर्विवाह हे होते. काम करता करता त्यांना दिसले की ज्या स्त्रीच्या हाती शिक्षण नाही, पोटापाण्याचे साधन नाही, तिला विवाहाचा अधिकार मिळूनही तो वापरता येत नाही. १८९६ साली त्यांनी आश्रम काढला, आणि आश्रमाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून जाणीवपूर्वक वेगळे ठेवले. तो हिंगण्याला गेला. मग १९०७ साली महिला विद्यालय, म्हणजे विधवांच्या पलीकडे सर्व मुलींसाठी शिक्षण. १९१५च्या सुमारास जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि पुढच्या वर्षी हिंगण्याच्या माळावर स्त्रियांचे विद्यापीठ सुरू झाले. तेव्हा कर्वे अठ्ठावन्न वर्षांचे होते.

तेवीस वर्षांत ध्येय निदान तीनदा बदलले. रूढ मताने याला काय म्हणावे? धरसोड? एकनिष्ठेचा अभाव? कर्व्यांनी जर दरवर्षी किती पुनर्विवाह लावले हा आकडा धरून ठेवला असता, तर तो आकडा प्रामाणिकपणे वाढवण्याच्या नादात आश्रम राहून गेला असता आणि विद्यापीठही. मोजण्याजोगे ध्येय हे मोलाच्या ध्येयाच्या आड येते, ते असे. आनंदीबाईंची साक्षही पूर्वपक्षाला वाटते तितकी उपयोगाची नाही. त्यांचे ध्येय नेमके होते, हे खरे. पण ते आले कुठून? वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि बाईला तपासणारी बाई डॉक्टर नसण्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. त्या नेमकेपणाला अनुभवाचा आधार होता. अनुभव वजा करून उरलेला नेमकेपणा कोणत्या कामाचा?

राहता राहिले केतकर, आणि केतकरांविषयी पूर्वपक्षाचे म्हणणे मी बऱ्याच अंशी मान्य करतो. त्यांनी मोजले, मुदती पाळल्या, हिशेब ठेवले. पण काय मोजले ते पाहा : खंड, पाने, वर्गणीदार, पगार. जगाचे ज्ञान मराठीत आणायचे आणि मराठी समाजाची बौद्धिक उंची वाढवायची, हा जो हेतू होता, त्याला त्यांनी फूटपट्टी लावली नाही. काम मोजावे, हेतू मोजू नये. केतकर माझ्याच बाजूचे साक्षीदार आहेत.

आता या मताचा सर्वांत घातक भाग : दुसरा पर्याय ठेवू नका. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात शेकडो अभ्यासिका आहेत. आत शिरले की प्लायवुडने वेगळ्या केलेल्या टेबलांच्या रांगा दिसतात. प्रत्येक टेबलावर चार्जर, पाण्याची बाटली, चालू घडामोडींच्या वह्यांचा गठ्ठा. आणि समोरच्या प्लायवर चिकटवलेली एक चिठ्ठी. तिच्यावर स्वतःचेच नाव आणि नावापुढे पद : उपजिल्हाधिकारी, नाहीतर आयएएस. खाली वर्ष. वर्षावर कधी कधी रेघ मारून पुढचे वर्ष घातलेले असते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३च्या नागरी सेवा परीक्षेचे आकडे पाहा. अर्ज १०,१६,८५०. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेसाठी पात्र १४,६२४. मुलाखतीला २,८५५. अंतिम शिफारस १,०१६. परीक्षेला बसलेल्या साधारण ५८३ जणांमागे एक. आता सांगा, उरलेल्या ५८२ जणांचे ध्येय नेमके नव्हते? लिहिलेले नव्हते? मुदतीत बांधलेले नव्हते? आयोगाने वयाची आणि प्रयत्नांची मर्यादा घालून मुदत तर आयतीच दिली आहे : खुल्या गटाला बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा प्रयत्न. सत्काराच्या व्यासपीठावर बसलेला म्हणतो, ‘मी दुसरा पर्याय ठेवलाच नाही, म्हणून पोहोचलो.’ त्याच्या मेसमध्ये शेजारी जेवणाऱ्यानेही ठेवला नव्हता. चिठ्ठी दोघांच्याही समोर होती. एकालाच माइक मिळाला, म्हणून चिठ्ठीला श्रेय मिळाले. चिठ्ठ्या वाढल्या म्हणून जागा वाढत नाहीत, हे अंकगणित व्यासपीठावरून कोणी का सांगत नाही?

इथे माझे म्हणणे विपरीत वाचले जाण्याचा धोका आहे. परीक्षा देऊ नका, असे मी म्हणत नाही. ज्याचा निकाल दुसऱ्याच्या हातात आहे आणि ज्याच्या जागा मोजक्या आहेत, त्याला आयुष्याचे एकमेव ध्येय करून परतीचे दोर कापू नका, एवढेच म्हणतो. अप्राप्य ठरलेले ध्येय सोडून नव्या ध्येयाकडे वळू शकणारी माणसे मनाने अधिक सुस्थितीत असतात, असे कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३च्या अभ्यासात दिसले. सोडता येणे हीही एक क्षमता आहे. आपण तिला पळपुटेपणा म्हणतो आणि पोरे तिसाव्या वर्षी रिकाम्या हातांनी गावी परतताना तोंड लपवतात. या लाजेची जबाबदारी कोणाची?

चार लोकांना सांगून टाका, या सल्ल्याचेही तेच. पीटर गोल्विट्झर यांच्या २००९ सालच्या प्रयोगांत ज्यांच्या संकल्पाची इतरांनी दखल घेतली होती, त्यांनी त्या दिशेने उलट कमी कष्ट घेतले. आपण अमुक होणार हे लोकांनी ऐकले, की ते झाल्याचे थोडे समाधान आधीच पदरात पडते. गावच्या पारावर ‘साहेब’ म्हणून हाक मारली जाऊ लागली, की साहेब होण्याची घाई कमी होते. हे कळायला मानसशास्त्राचीही गरज नव्हती.

प्रतिपक्षाचा शेवटचा आक्षेप मला ऐकू येतो आहे. ‘असे म्हणाल तर कोणी काही धरूनच राहणार नाही. दिशा नाही, मुदत नाही, मग चिकाटी येणार कुठून?’ याला उत्तर काण्यांच्या छत्तीस वर्षांनी दिलेले आहे. चिकाटी ही कामाशी असते. ज्याला रोजचे काम गोड लागते, त्याला दूरच्या तारखेचा धाक लागत नाही. आणि ज्याला ते काम गोड लागत नाही, त्याला तो धाक पुरत नाही.

नुसते खंडन करून निघून जाणे बरे दिसत नाही. तेव्हा माझा पक्ष मांडतो. पहिले, हेतू रुंद ठेवा आणि त्याला तारीख लावू नका : शिकवायचे आहे, लोकांची कामे करायची आहेत, एखादा विषय मुळापासून कळून घ्यायचा आहे. दुसरे, काम अरुंद करा आणि त्याला तारीखच काय, तास लावा. इथे तेच गोल्विट्झर उपयोगी पडतात. केव्हा, कुठे आणि कसे हे आधी ठरवून ठेवले, तर संकल्प पार पडण्याची शक्यता वाढते, हे त्यांनी १९९९ साली मांडले आणि पुढच्या अनेक प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. ‘या वर्षी ग्रंथ वाचीन’ याला अर्थ नाही. ‘रात्रीची भांडी आवरली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर दहा पाने’ याला आहे. तिसरे, ठरावीक काळाने हिशेब करा, आणि त्यात आकड्यासोबत एक प्रश्न ठेवा : या कामाने मला असे काय दाखवले, जे सुरू करताना ठाऊक नव्हते? उत्तर सापडले की ध्येय बदला. कर्व्यांनी बदलले. चौथे, ज्याचा निकाल आपल्या हाती नाही अशा प्रत्येक वाटेला सुरुवातीलाच एक थांबा ठरवा, आणि त्याच हेतूकडे जाणारी दुसरी वाट चालू ठेवा. लोकांची कामे करायची असतील, तर ती करण्याची जागा केवळ जिल्हाधिकारी कार्यालयात नसते.

दोन्ही बाजू वाचकांसमोर आहेत. एका बाजूला कधी न झालेला अभ्यास, संदर्भातून उचललेले एक सूत्र, ट्रकच्या वजनाचा आयुष्यावर लादलेला नियम आणि फक्त जिंकलेल्यांची साक्ष. दुसऱ्या बाजूला प्रस्तावनेचे पाच खंड करणारा वकील आणि साठीच्या उंबरठ्यावर विद्यापीठ काढणारा प्राध्यापक. माझ्या मते कोणत्याही ध्येयाला पहिला प्रश्न ‘किती वर्षांत?’ हा विचारू नये. ‘उद्या सकाळी काय?’ हा विचारावा. त्याचे उत्तर ज्याच्याजवळ आहे, त्याचे ध्येय अजून धूसर असले तरी चालेल. काम ते स्पष्ट करील. ज्याच्याजवळ नाही, त्याच्याजवळ ध्येय नाही, केवळ इच्छा आहे. मग ती कितीही ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावलेली असो.